मुक्तिधामाचा मांडव

प्रेमानंद गजभियेचं टेंट हाउस भिलाईतल्या कोहक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न असो, बारसं असो, की कोणी गेल्यावर जमलेल्या माणसांसाठी चार खुर्च्या हव्या असोत, लोक त्याच्याकडेच यायचे. रस्त्याला दुकान, मागे पत्र्याचं गोदाम आणि गोदामाला लागून दोन खोल्यांचं घर. त्याचे वडील भंडाऱ्याकडून येऊन इथल्या पोलाद कारखान्यात, प्लांटात, लागले होते. प्रेमानंदला प्लांटाची नोकरी काही मिळाली नाही, म्हणून निवृत्तीच्या पैशातून त्यांनी मुलाला हे दुकान टाकून दिलं. तेव्हापासून लोकांच्या सुखदुःखाला सावली धरणं हाच त्याचा धंदा झाला.

करोना यायच्या थोडं आधी त्यानं रायपूरहून नवा संच आणला होता. छताचं निळं कापड, त्याला पांढऱ्या झालरी, बाजूंना पांढऱ्या कनाती. चौदा एप्रिलच्या जयंतीला विहारापुढे हाच मांडव लावायचा, असं त्यानं मनाशी ठरवून ठेवलं होतं. गाठोडं सोडून त्याची बायको हर्षा कापडावरून हात फिरवत म्हणाली होती, "जपून वापरजा जी. डाग नका पडू देऊ."

मग सगळंच बंद झालं. लग्नं पुढे गेली, जयंती घरातल्या घरात झाली. त्या पावसाळ्यात गोदामाचा पत्रा गळला आणि जुने मांडव ओल धरून कुजले. उरलंसुरलं उंदरांनी कुरतडलं. नवा संच तेवढा घरातल्या पलंगाखाली कोरडा राहिला.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये दुर्ग-भिलाईत आजार पुन्हा उसळला, तो पहिल्यापेक्षा फार वाईट. गल्लीत दिवसभर अँब्युलन्सचा आवाज. अशाच एका सकाळी प्रेमानंदला निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, झोन ऑफिसातून नरेश कुंभारेचा फोन आला. नरेशचे वडील रेल्वेत होते, मूळचे नागपूरकडचे. निगमाच्या कार्यक्रमांना मांडव हवा असला की हा नरेशच फोन करायचा.

"प्रेमानंदभाऊ, एक काम होतं. तुमी नाई म्हनलं तरी मी वाईट नाई मानणार."

"बोल ना."

"मुक्तिधामात मांडव टाकायचा आहे."

नरेश सांगत राहिला. लोक आपल्या गेलेल्या माणसाला घेऊन स्मशानात येतात आणि नंबर लागेपर्यंत उन्हात उभे राहतात. शेडमध्ये जागा नाही, झाडाखाली जागा नाही. काल एक बाई चक्कर येऊन पडली. बाकीच्या टेंटवाल्यांना विचारून झालं, कोणी तयार नाही.

"जुनं-फाटकं काई असन तरी चालते भाऊ. फक्त सावली पायजे."

जुनं-फाटकं काहीच उरलेलं नव्हतं. प्रेमानंदनं 'सांगतो' म्हणून फोन ठेवला. दुकानात तेजराम साहू बल्ल्या, मांडवाचे लाकडी वासे, रचत होता. वीसएक वर्षांपासून तो त्याच्याकडे मांडव बांधायच्या कामाला होता. काम नसलं तरी सायकलवर येऊन बसायचा. प्रेमानंदनं त्याला फोनचं सांगितलं.

"रस्ता ले देखे हंव भइया," तेजराम म्हणाला. "घाम म ठाढ़े हें सब झन."

रस्त्यावरून पाहिलं, उन्हात उभे आहेत सगळे, एवढंच तो बोलला आणि पुन्हा बल्ल्यांकडे वळला. प्रेमानंद घरात गेला आणि पलंगाखालचं गाठोडं ओढू लागला. हर्षा दारात आडवी उभी राहिली.

"कुठं नेऊन राहिले?"

त्यानं सांगितलं.

"यड लागलं का तुमाले? तिथं जाऊन तुमीच घेऊन याल ना ते दुखणं. आन हा कपडा? याच्याखाली जयंती व्हायची होती."

"जयंती यंदाबी बंदच आहे," प्रेमानंद म्हणाला. "अन् लोक उभे आहेत, हर्षा."

ती बाजूला झाली, पण दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

मांडव बांधताना प्रेमानंदनं मान वर करून फारसं पाहिलं नाही. दोन मास्क, त्यावर गमछा, हातात रबरी मोजे. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, दोऱ्या ताणायच्या, एवढ्यावरच लक्ष. पलीकडे सगळीकडे चिता होत्या आणि वाऱ्याची दिशा बदलली की राख येऊन निळ्या कापडावर बसत होती. झालरीवर 'गजभिये टेंट हाउस' अशी नावाची पट्टी शिवलेली असायची. ती त्यानं लावायच्या आधीच उसवून खिशात घातली. का, ते त्याला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

शेवटची कनात बांधून होत होती तेव्हा एक मध्यमवयीन माणूस जवळ आला. शर्टाची बटणं चुकीची लागली होती. बाहेर अँब्युलन्समध्ये त्याची बायको होती.

"भैया, यहाँ बैठ सकते हैं क्या?"

सावलीत बसायलाही परवानगी लागेल असं त्या माणसाला वाटलं, याचं प्रेमानंदला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं. त्यानं त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. करोनात कोणी कोणाला शिवत नव्हतं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

मांडव मे महिना संपेपर्यंत तिथं राहिला. तेजराम आणि तो आळीपाळीनं जाऊन दोऱ्या ताणून यायचे, पाण्याचा ड्रम भरायचे. नरेशनं बिल द्यायला सांगितलं, तर प्रेमानंदनं हात जोडले. "याचं भाडं मी नाई लावू शकत, बाबू."

आजार ओसरला तेव्हा त्यांनी मांडव उतरवला. नाल्यापलीकडच्या मैदानात नेऊन फिनाइलच्या पाण्यात भिजवला, धुतला, पुन्हा धुतला आणि कडक उन्हात वाळवला. कापड स्वच्छ निघालं. तरी हर्षानं ते घरात येऊ दिलं नाही. ते गोदामात गेलं आणि या गोष्टीची वाच्यता कुठं करायची नाही असं घरात ठरलं. लग्नाचा मांडव, बारशाचा मांडव, आणि तो जाऊन आलाय मुक्तिधामात, हे कळलं तर कोण दारात उभं करील?

जुलैत एका नामकरणाचं काम आलं. दुसरा मांडव नव्हताच, म्हणून तोच लावला. जेवताना एक पाहुणा वर बघत राहिला.

"ये नीला पंडाल कहीं देखा है मैंने," तो शेजारच्याला म्हणाला. आठवायचा प्रयत्न केला, मग जेवायला लागला.

प्रेमानंदचा घास हातातच राहिला. त्या दिवशी घरी आल्यावर हर्षा म्हणाली, "रंगवून टाका त्याले. मरून कलर करा."

"टेरीकाटचा कपडा आहे. रंग नाई धरत."

"मंग काय करता? असंच लपून-लपून लावत राहता का?"

प्रेमानंद गोदामाला कुलूप लावायला उठला.

ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलीनं, करिष्मानं, मोबाइलवर एक बातमी दाखवली. करिष्मा कॉलेजात बीकॉमला होती. लॉकडाउनमध्ये बुडालेल्या छोट्या धंद्यांना निगम अनुदान देणार होतं. गुमास्ता लायसन आणि दुकानाचा टॅक्स भरल्याची पावती लागत होती.

"पप्पा, ये लोन नहीं है," ती म्हणाली. "वापस नाई करावं लागत. वीस हजार. नवीन सिलिंगचा कपडा तर येऊनच जाईल ना?"

वीस हजारांत पूर्ण संच येत नव्हता, पण छत आणि झालरी आल्या असत्या. प्रेमानंदनं कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास घेतला. त्याच आठवड्यात प्लांटाच्या वसाहतीतून, सेक्टर दहाहून, देवीदास वासनिक दुकानात आले आणि जणू सगळं एकदमच मार्गी लागतंय असं त्याला वाटलं.

देवीदासभाऊ प्लांटात होते, निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरलेली. विहाराच्या समितीचे सचिव. प्रेमानंदच्या वडिलांनी त्यांना प्लांटात पहिल्या दिवशी हाताला धरून नेलं होतं, आणि वडील वारल्यावर देवीदासभाऊंनी प्रेमानंदला धाकट्या भावासारखं सांभाळलं होतं. त्यांच्या मोनालीचं लग्न ठरलं होतं. मुलगा नागपूरचा, डिसेंबरात लग्न, क्वार्टरसमोरच्या मैदानात.

"मांडव तुझा," देवीदासभाऊ म्हणाले. "दुसऱ्याले मी विचारणारबी नाई. तू ते जयंतीसाठी निळं आणलं होतं ना, तेच लाव. पोरीले दाखवलं होतं मी फोटोत. तिले तेच पायजे."

प्रेमानंदच्या तोंडून 'हाव भाऊ' निघून गेलं. देवीदासभाऊंनी टेबलावर बयाणा ठेवला, हर्षाच्या हातचा चहा घेतला आणि जय भीम करून गेले.

अर्जाची चौकशी करायला नरेशच आला. दुकान पाहिलं, गोदाम पाहिलं, कुजलेल्या मांडवांचे फोटो काढले. मग गोदामाच्या कोपऱ्यातल्या निळ्या गाठोड्याशी येऊन थांबला. त्यानं त्याला हात लावला नाही, पण मास्क खाली केला.

"हेच ना भाऊ?"

"हेच."

नरेशनं मास्क पुन्हा वर ओढला. मग म्हणाला, "हे पाहा, अर्ज खूप आले आहेत. सगळ्याईले एकदम नाई भेटणार. ज्याईनं करोनात सेवा केली त्याईचं नाव पयले लागणार आहे. तुमचं तर मी स्वतः लिहून देतो. सेवेचं प्रमाणपत्र भेटते, कार्यक्रमात सत्कार होते अन् त्याच्यासंगंच चेक."

"अन् ते नाई घेतलं तर?"

"तं मंग पुढच्या साली. भेटन, पण कधी ते सांगता येत नाई."

"सत्कारात काय सांगन?"

"जे केलं तेच सांगन. गजभिये टेंट हाउसनं मुक्तिधामात मांडव टाकला म्हणून. पेपरात फोटो येते भाऊ. चांगलंच आहे ना?"

प्रेमानंदनं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. नरेश हुशार होता. त्याला एकदम उमगलं आणि त्यानं मान खाली घातली. "हे माह्या ध्यानातच नाई आलं," तो हळूच म्हणाला. "विचार करून सांगा."

त्या संध्याकाळी घरात वाद झाला. करिष्माचं म्हणणं, सत्कार घ्यायचा. "आपने गलत क्या किया पप्पा? छुपा क्यों रहे हो? कावून लपवायचं?" हर्षाचं म्हणणं अगदी उलट. अनुदान एकदा मिळेल, पण नाव कायमचं जाईल. कोहक्यात लोक म्हणतील, मसणाचा टेंटवाला. पुढच्या वर्षी मिळालं तर मिळालं.

"आन मोनालीचं लग्न?" प्रेमानंदनं विचारलं.

"मोनालीच्या लग्नात तोच लावा. धुतलेला आहे. त्याईले कोण सांगणार आहे?"

हेच त्याला गिळवत नव्हतं. नामकरणाच्या त्या घरात त्यानं मांडव लावला होता आणि तोंड बंद ठेवलं होतं, ते लोक अनोळखी होते. पण ज्या माणसानं 'दुसऱ्याले विचारणारबी नाई' म्हटलं, त्याच्या मुलीच्या डोक्यावर काहीही न सांगता तेच कापड ताणायचं? चार-पाच दिवस तो नीट जेवला नाही. मग एका रविवारी स्कूटर काढून सेक्टर दहाला गेला.

देवीदासभाऊ क्वार्टरच्या अंगणात पेपर वाचत बसले होते. मोनालीनं खुर्ची आणून दिली. प्रेमानंदनं बसल्याबसल्याच सांगायला सुरुवात केली, नाहीतर धीर सुटला असता. नरेशचा फोन, उन्हात उभे असलेले लोक, दुसरं कापड नसणं, नावाची पट्टी काढणं, धुणं, सगळं. सांगून झाल्यावर म्हणाला, "भाऊ, माह्याजवळ दुसरा मांडव नाई. तुमाले न सांगता मले लावता येत नाई. तुमी म्हणाल तसं."

देवीदासभाऊंनी पेपराची घडी घातली. पुन्हा उलगडली.

"त्या वक्ती मले कावून नाई सांगितलं?"

"कोणालेच नाई सांगितलं."

"काम तू मोठं केलं प्रेमा." त्यांचा आवाज बसला होता. "आपन काई शकुन-अपशकुन मानत नाई. मी स्वतः विहारात उभं राहून सांगतो पोराईले. मुडदा म्हनजे काय, शरीर. कपडा म्हनजे कपडा. तो लावू आपन."

मोनाली दाराशी चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं कप ठेवले, प्रेमानंदकडे पाहून म्हणाली, "काका, तिथं खूप लोक होते का हो?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. आतून तिच्या आईचा दबलेला आवाज ऐकू येऊ लागला. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. देवीदासभाऊ चहा न पिता कपाकडे बघत राहिले.

प्रेमानंद निघताना ते फाटकापर्यंत आले. नेहमीसारखा खांद्यावर हात ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"प्रेमा, मले काई नाई रे. पण मोनालीची माय दोन दिवसापासून रडून राहिली. अन् नागपूरच्या लोकाईले उद्या कुठून समजलं, तं पोरीले जन्मभर ऐकावं लागन. काई कमी-जास्त झालं तं मांडवावरच येईन." मग ते म्हणाले, "मी दुर्गच्या एका टेंटवाल्याले सांगून टाकलं."

"हाव भाऊ."

"तू लग्नाले येजो. हर्षाले, पोरीले घेऊन ये."

"हाव भाऊ."

"रागावू नको."

यावर मात्र त्याच्या तोंडून 'हाव' निघालं नाही. बयाणा पोचवतो, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसला. लोकांनी तोंड फिरवलं असतं तर त्याला एवढं लागलं नसतं. लोकांचं त्यानं धरलंच होतं. पण ज्या माणसाकडून तो लहानपणापासून माणसानं कसं जगावं हे ऐकत आला, तो माणूस घाबरला होता. आणि घाबरला तर त्याला दोष तरी काय द्यायचा? मुलीच्या बापाची भीती प्रेमानंदला कळत होती. त्यालाही मुलगी होती.

हर्षा बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसली. काय झालं ते तिनं ओळखलं होतं. तो सांगेल त्यावर ती म्हणेल, 'मी सांगत होती', अशी त्याला धास्ती होती. पण ती तसं म्हणाली नाही. समोरच्या रस्त्याकडे पाहत म्हणाली, "नरेशले फोन करा. नाव द्या म्हना. आता लपवायचं काय राहिलं?"

सत्कार ऑक्टोबरात झाला. एका सभागृहात खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. अन्न वाटणारे, ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवणारे, औषधवाले असे पुष्कळ लोक होते. प्रेमानंदचं नाव पुकारलं, त्यानं काय केलं ते माइकवरून वाचून दाखवलं आणि सभागृहात टाळ्या थांबल्या. म्हणजे वाजल्या, पण एकदम नाही. आधी थोडा वेळ सगळे गप्प झाले. बहुतेकांना आपापलं कोणी ना कोणी आठवलं असावं.

दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा त्याला काही सुचेना. त्यानं शेवटच्या रांगेतल्या तेजरामला हात केला.

"पंडाल मैंने अकेले नहीं बांधा। ये तेजराम साहू हैं। इनको भी बुलाइए।"

तेजराम जागेवरून उठेना. शेवटी करिष्मानं त्याला हाताला धरून पुढे नेलं. फोटोत तो खाली बघतो आहे.

दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात आला आणि व्हायचं ते सगळं झालं. वाढदिवसाचं एक काम आणि साखरपुड्याचं एक, दोन्ही लोकांनी सभ्यपणे रद्द केली. नामकरणवाल्या घरचा माणूस येऊन ओरडून गेला. प्रेमानंदनं ऐकून घेतलं, त्याचं भाडं परत केलं. त्या माणसाचं चुकलं असं त्याला वाटलं नाही. सांगायला हवं होतं, ते त्यानं सांगितलं नव्हतं. भाजीवाला मात्र कोथिंबिरीचे पैसे घेईना.

आणि एका दुपारी एक बाई दुकानात आली. साधी सुती साडी, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. हथखोजच्या एका कारखान्यात ती पॅकिंगचं काम करत होती. शिफ्ट सुटून आली असावी.

"वो पंडाल आपका था?" तिनं विचारलं.

"हाँ."

"मैं बैठी थी उसमें। बेटे को लेकर।"

प्रेमानंदनं खुर्ची पुढे केली. ती बसली. हर्षानं पाणी दिलं, ते प्यायली. ती रडली नाही आणि तिनं पुढे काही सांगितलंही नाही. दुकानातल्या रचलेल्या खुर्च्यांकडे, दोऱ्यांच्या भेंडोळ्यांकडे बघत बसली. मग उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गेली. हर्षा दारापर्यंत तिच्या मागे गेली आणि ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिली. त्यानंतर घरात कोणी 'मसणाचा' हा शब्द काढला नाही.

अनुदान बँकेत जमा झालं. प्रेमानंद आणि हर्षा दोघं रायपूरला जाऊन कापड घेऊन आले. रंग हर्षानं निवडला, फिकट पिवळा. झालरी तिनं घरीच मशीनवर शिवल्या, तेवढी मजुरी वाचली. गोदामात नवं कापड ठेवताना तिनं विचारलं, "अन् त्या निळ्याचं काय करता?"

"राहू दे."

"कायले?"

"मले माहीत नाई. पण फेकता येत नाई."

तिनं निळं गाठोडं उचललं, स्वच्छ पोत्यात बांधलं आणि वरच्या फळीवर ठेवलं.

डिसेंबरच्या शेवटी मोनालीचं लग्न झालं. जावं की नाही याचा प्रेमानंदनं खूप विचार केला. शेवटी मोनालीचा स्वतःचा फोन आला. "काका, तुमी नाई आले तर मी आयुष्यभर लक्षात ठेवीन," ती म्हणाली. तिघंही गेले.

दुर्गच्या टेंटवाल्याचा मांडव लाल आणि सोनेरी होता. झगमगीत, महागडा. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. प्रेमानंद मागच्या रांगेत बसला, पण त्याचं लक्ष सारखं वर आणि कडेला जात होतं. वाऱ्याच्या बाजूच्या खुंट्या वरवर ठोकल्या होत्या. बांधणारी मुलं बाहेर गाडीत जाऊन बसली होती.

भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं आणि वारा सुटला. आधी झालरी फडफडल्या, मग छत एकदम वर उचललं आणि दाणकन खाली आलं. एक खुंटी उपटली गेली. बायका ओरडल्या. प्रेमानंद केव्हा उठला ते त्यालाच कळलं नाही. कोपऱ्यातल्या खांबाला त्यानं छातीशी कवळून धरलं, हातानं दोरी ओढली.

"त्या बाजूचा धरा! कोणीतरी तिकडचा धरा!"

समोरच्या खांबाकडे जो माणूस धावला ते देवीदासभाऊ होते. फेटा निसटून खांद्यावर आलेला, नवा कोट. त्यांनी दोन्ही हातांनी खांब धरला. वारा थांबेना. बांधणारी मुलं धावत येऊन पुन्हा खुंट्या ठोकू लागली, पण तोवर कोणालाच खांब सोडता येत नव्हता. दोघं तसेच उभे राहिले, मध्ये चार-पाच पावलांचं अंतर. मांडवाच्या मध्यभागी भंतेजी थांबले नव्हते, त्यांचा आवाज शांत येत होता. मोनाली पांढऱ्या साडीत नवऱ्याशेजारी हात जोडून बसली होती आणि तिची नजर खाली होती.

"प्रेमा," देवीदासभाऊ म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "मी भ्यालो रे."

प्रेमानंदनं त्यांच्याकडे पाहिलं. 'काई हरकत नाई' म्हणावं असं त्याला वाटलं, पण हरकत होती. ती अजून गेली नव्हती.

"माहीत आहे भाऊ," तो म्हणाला. "खांब नका सोडू."

"नाई सोडत."

खुंट्या बसल्या, दोऱ्या ताणल्या गेल्या. वारा उतरला आणि चार मोठे थेंब पडून आभाळ उघडलं. आत 'साधु, साधु, साधु' झालं. देवीदासभाऊंना कोणीतरी मुलीकडे बोलावलं. जाता जाता त्यांनी प्रेमानंदचा हात धरला, दोरीनं सोललेल्या तळव्याकडे पाहिलं आणि हळूच सोडला.

गजभिये मंडळी जेवून दुपारीच निघाली. दुसऱ्या दिवशी काम होतं. हथखोजला एक छोटा कारखाना जवळजवळ दोन वर्षांनी पुन्हा सुरू होत होता. मालकानं पेपरातला फोटो पाहूनच फोन केला होता. मांडव कोणताही चालेल, फक्त कामगार सगळे सावलीत बसले पाहिजेत, एवढंच तो म्हणाला होता.

दुकानापुढे गाडी उभी होती आणि तेजराम पिवळं कापड चढवत होता. प्रेमानंदनं लग्नातला शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि बल्ल्यांचं दुसरं टोक धरलं.